पिस्तुलाचे पृष्ठसंस्करण

लष्करी सेवेतून काढलेल्या व वापराने झिजलेल्या पिस्तुलाच्या धातुपृष्ठावरील गंज, साठवणीचे वंगण व जीर्ण थर दूर करून त्यावर पुन्हा संरक्षक थर चढविणे आणि मुठीच्या लाकडी पट्ट्या दुरुस्त करणे, या क्रियांना मिळून पिस्तुलाचे पृष्ठसंस्करण म्हणतात. हे काम शस्त्रागारांत व बंदूक-कारागिरांच्या कर्मशाळांत चालते. खासगी व्यक्तींना शस्त्र बाळगणे सुलभ असलेल्या देशांत, विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, ते घरगुती छंद म्हणूनही केले जाते. वरवर पाहता ते रंगकामासारखे साधे वाटते. तथापि पिस्तुलावरील थर गंजापासून रक्षण करणारे आवरण असतो, तसाच तो त्या शस्त्राच्या निर्मितीचा व सेवेचा एक प्रकारचा लेखही असतो. हा लेख एकदा घासून काढला, की तो परत मिळत नाही. म्हणून संस्करणाच्या तंत्राइतकाच, ते कोठे थांबवावे याचा निर्णयही महत्त्वाचा ठरतो.

शिलकी पिस्तुले : दोन महायुद्धांत निरनिराळ्या देशांनी लाखो पिस्तुले तयार केली. युद्धोत्तर काळात नवी शस्त्रे आल्यावर त्यांपैकी अनेक शिलकी ठरली व बाजारात आली. जर्मनीची पी-०८ (ल्यूगर) व वॉल्थर पी-३८, सोव्हिएट रशियाची टोकारेव्ह टीटी-३३ आणि अमेरिकेची जॉन ब्राउनिंग यांनी अभिकल्पिलेली .४५ व्यासाची एम-१९११ ही त्यांपैकी प्रमुख होत. अमेरिकेच्या सैन्याने एम-१९११ हे पिस्तूल १९११ मध्ये स्वीकारले आणि १९८५ मध्ये त्याच्या जागी ९ मिमी. व्यासाचे एम-९ निवडले. शिल्लक राहिलेल्या एम-१९११ पिस्तुलांपैकी काही २०१८ पासून ‘सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम’ या संस्थेमार्फत नागरिकांना विकली जाऊ लागली. ही पिस्तुले अनेकदा घट्ट तपकिरी वंगणात माखलेली, कडा झिजलेली व ठिकठिकाणी गंजाचे खळगे पडलेली असतात.

पृष्ठथरांचे प्रकार : कोणत्याही संस्करणापूर्वी मूळ थर कोणता हे ओळखणे आवश्यक असते. पोलादी शस्त्रांवर मुख्यतः दोन प्रकारचे थर आढळतात : ऑक्साइडाचे व फॉस्फेटाचे.

ऑक्साइडाचा थर देण्याच्या क्रियेस नीलन म्हणतात. तांबडा गंज सच्छिद्र असून तो सुटून पडतो व त्याखालील धातू पुन्हा उघडा पडतो. याउलट मॅग्नेटाइट हे लोहाचे काळे ऑक्साइड धातूस घट्ट चिकटून राहते. नीलनात पृष्ठावर याच काळ्या ऑक्साइडाचा पातळ थर मुद्दाम निर्माण करतात. चांगल्या झिलईच्या पोलादावर तो निळसर काळा दिसतो, म्हणून हे नाव पडले. जुन्या गंज-नीलन पद्धतीत स्वच्छ पृष्ठावर सौम्य अम्लयुक्त विद्राव लावून दमट हवेत तांबडा गंज येऊ देतात, नंतर वस्तू शुद्ध पाण्यात उकळून त्या गंजाचे काळ्या ऑक्साइडात रूपांतर करतात आणि सुटी काजळी मऊ तारांच्या कुंचल्याने झाडतात. हे चक्र अनेक वेळा करावे लागते. पद्धत संथ असली, तरी तयार होणारा थर टिकाऊ असतो. तप्त लवण-नीलनात सोडियम हायड्रॉक्साइड व नायट्रेट यांच्या सु. १४०° से. तापमानाच्या उकळत्या विद्रावात वस्तू बुडवितात आणि काम अर्ध्या तासाच्या आत होते. ल्यूगर पिस्तुले बनविणाऱ्या माउझर कारखान्याने १९३७ च्या सुमारास गंज-नीलन सोडून ही जलद पद्धत स्वीकारली. त्यापूर्वीच्या ल्यूगर पिस्तुलांचे चाप, खटका असे छोटे भाग उष्णतेने गवती पिवळ्या रंगाचे केलेले असत. नंतरच्या पिस्तुलांत ते इतर भागांप्रमाणेच काळसर निळे दिसतात. अशा रीतीने केवळ थराच्या रंगावरून पिस्तुलाच्या काळाचा अंदाज बांधता येतो.

फॉस्फेटाच्या थराचा इतिहास अलीकडचा आहे. १९०६ मध्ये इंग्लंडमध्ये टॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी फॉस्फोरिक अम्लाच्या विद्रावात लोखंडावर थर चढविण्याचे एकस्व घेतले. पुढे अमेरिकेत डिट्रॉइट येथे १९१५ मध्ये स्थापन झालेल्या पार्कर रस्टप्रूफ कंपनीने या पद्धतीचा विकास केला, म्हणून तिला पार्करायझिंग असे नाव मिळाले. तीत वाळूच्या झोताने खरबरीत केलेले पोलाद जस्त किंवा मँगॅनीज फॉस्फेटाच्या, उकळीच्या किंचित खालच्या तापमानाच्या विद्रावात ठेवतात. तयार होणारा राखाडी, निस्तेज व स्फटिकमय थर तेल धरून ठेवतो. वर्षानुवर्षे वंगणात राहिल्याने त्याला हिरवट झाक येते. दुसऱ्या महायुद्धातील बहुतेक एम-१९११ए१ पिस्तुलांवर हा थर दिसतो. तथापि युनियन स्विच अँड सिग्नल या कंपनीने बनविलेल्या पिस्तुलांवर मात्र नीलन केलेले होते. ऑक्साइड असो वा फॉस्फेट, नुसता थर गंजाला पुरेसा अटकाव करीत नाही. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत राहिलेले तेलच खरे संरक्षण करते.

पूर्वपरीक्षा व स्वच्छता : पहिली क्रिया नेहमीच सुरक्षिततेची असते. मॅगझीन काढून, स्लाइड मागे ओढून नळीतील काडतुसाची जागा डोळ्यांनी व बोटाने तपासतात आणि काडतुसे त्या खोलीतच ठेवीत नाहीत. त्यानंतर पिस्तूल सुटे करून प्रत्येक भागाची छायाचित्रे घेतात आणि अनुक्रमांक, निरीक्षकांचे शिक्के व शस्त्रागाराच्या खुणा यांची नोंद करतात.

साठवणीतील कॉस्मोलीन हे खनिज तेलजन्य वंगण खनिज टर्पेंटाइनसारख्या विद्रावकात भिजवून व पुसून काढतात. सौम्य उष्णता दिल्यास ते पातळ होऊन सांध्यांतून निथळते. ज्वलनशील विद्रावकाजवळ ज्योत मात्र आणू नये. पुष्कळदा या एकाच क्रियेनंतर असे दिसून येते, की घाणीखालचा मूळ थर बराचसा शाबूत असून आणखी काही करण्याची गरज नाही.

गंजाचे स्थिरीकरण : तांबड्या गंजाचे विरळ ठिपके तेलात भिजविलेल्या अतिसूक्ष्म पोलादी लोकरीने किंवा तांब्याच्या बोथट पट्टीने हलकेच निघतात. तांबे पोलादापेक्षा मऊ असल्याने मूळ थरावर ओरखडे कमी पडतात. गंज जास्त पसरला असेल, तर सुटे पोलादी भाग शुद्ध पाण्यात उकळतात. गंज-नीलनातील तत्त्वच येथे उपयोगी पडते. सक्रिय तांबडा गंज काळ्या ऑक्साइडात बदलतो व तो झाडून तेल लावल्यावर क्षय थांबतो. या उपायात धातू घासला जात नाही, शिक्के पुसट होत नाहीत व शिल्लक राहिलेला मूळ नीलनाचा थर टिकतो. म्हणून घरगुती उपायांमध्ये हा सर्वांत निर्धोक मानला जातो.

अक्रोडाच्या लाकडाच्या मूठपट्ट्यांवरील दाबल्याच्या खुणा ओल्या कापडावरून गरम इस्त्री फिरविल्यास वाफेने फुगून वर येतात. लाकूड वाळल्यावर त्यावर जवसाच्या तेलाचे पातळ हात देतात. कोरीव जाळीदार नक्षीवर पॉलिश पेपर घासल्यास मात्र तिची टोके कायमची बोथट होतात.

नवा थर चढविणे : मूळ थर जवळजवळ नष्ट झाला असेल किंवा पूर्वी कोणी तो आधीच बिघडविला असेल, तरच नव्या थराचा विचार करणे योग्य ठरते. येथे सर्वाधिक हानी रसायनांमुळे होत नाही, ती पूर्वतयारीतील घासण्यामुळे होते. खळगे नाहीसे करण्यासाठी सभोवतालचा सर्व धातू त्यांच्या तळापर्यंत उतरवावा लागतो. फिरत्या चकतीवर हे केल्यास धारदार कडा गोल होतात, छिद्रांचे काठ बशीसारखे खोल होतात आणि अक्षरे अस्पष्ट होतात. कुशल कारागीर सपाट ठोकळ्यावर गुंडाळलेला पॉलिश पेपर हाताने फिरवितात व खोल खळगे तसेच राहू देतात. टोकारेव्हसारख्या युद्धकालीन पिस्तुलांवर हत्यारांच्या ठळक रेषा असतात. त्या घाईच्या उत्पादनाच्या निदर्शक असल्याने दोष मानून काढू नयेत.

बाजारात मिळणारे शीत-नीलनाचे विद्राव सामान्यतः सिलिनियम व तांबे यांच्या संयुगांचे असतात. त्यांनी पृष्ठ काळे दिसते, पण तो खरा मॅग्नेटाइटाचा थर नसतो व लवकर झिजतो. लहान ओरखडा झाकण्यापुरताच त्यांचा उपयोग होतो. ही संयुगे विषारी असल्याने हातमोजे व खेळती हवा आवश्यक असते. घरी टिकाऊ थर हवा असल्यास गंज-नीलन हीच पद्धत त्यातल्या त्यात साध्य असते. तप्त लवण-नीलनाचे दाहक विद्राव पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा बरेच गरम असतात. त्यांत थोडे पाणी पडले, तरी ते उसळून अंगावर उडतात. त्यामुळे ही पद्धत कर्मशाळेतच वापरावी. शिवाय दाहक सोड्याची ॲल्युमिनियमावर तीव्र विक्रिया होऊन हायड्रोजन निर्माण होतो. पी-३८ पासून पुढे विकसित झालेल्या जर्मन पी-१ पिस्तुलाची चौकट ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूची आहे. ती या विद्रावात बुडविल्यास नष्ट होते.

कार्यात्मक धोके : घोडा व त्याला अडवून धरणारा खटका यांच्या परस्परांना भिडणाऱ्या कडा अत्यंत अचूक कोनांत बनविलेल्या असतात. चकाकीसाठी त्या घासल्यास घोडा आपोआप सुटून पिस्तूल नकळत उडू शकते. म्हणून अंतर्गत भागांना अपघर्षक लावीत नाहीत. जुना थर काढण्यासाठी प्रबल अम्ल वापरल्यास कठीण केलेल्या पोलादात व स्प्रिंगांत हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात. ज्योतीने तापविल्यास भागांचे मूळ उष्णता-संस्करण बिघडते व दाब सहन करण्याची क्षमता घटते. नवा थर दिलेले पिस्तूल नवे दिसते, पण त्यामुळे ते बळकट होत नाही. किंबहुना ताज्या थराखाली बारीक तडा लपून राहू शकतो. यास्तव संस्करणानंतर परवानाधारक कारागिराकडून तपासणी झाल्याखेरीज ते वापरात आणीत नाहीत.

मूळ स्वरूपाचा प्रश्न : संग्राहकांच्या दृष्टीने झिजलेला पण मूळ थर हा चकचकीत नव्या थरापेक्षा अधिक मोलाचा असतो. कंबरेच्या चामडी म्यानातून वारंवार काढल्याने नळीच्या टोकाशी उजळलेला धातू किंवा तळहाताच्या घामाने चौकटीवर पडलेला डाग, या गोष्टी ते शस्त्र कसे वापरले गेले हे सांगतात. शस्त्रागारांनी केलेले संस्करणही इतिहासाचा भाग असते. अमेरिकेच्या ऑगस्टा व रॉक आयलंड या शस्त्रागारांत दुरुस्त केलेल्या पिस्तुलांवर त्यांचे आद्याक्षरांचे शिक्के आढळतात. सोव्हिएट रशियाने हस्तगत केलेली पी-३८ पिस्तुलेही पुन्हा नीलन करून साठविली होती. अशा पिस्तुलाला ‘कारखान्यातून निघाल्यासारखे’ रूप देणे म्हणजे त्याच्या इतिहासातील एक टप्पा पुसणे होय. आणि केलेले संस्करण लपवून ते मूळ म्हणून विकणे ही फसवणूकच ठरते. म्हणून केलेल्या कामाची लेखी नोंद शस्त्राबरोबर ठेवण्याची प्रथा चांगली समजली जाते.

अनुक्रमांकाचे महत्त्व याहून वेगळे आहे. तो शस्त्राची कायदेशीर ओळख असतो. अमेरिकेत अनुक्रमांक काढणे वा बदलणे हा संघराज्याच्या कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यामुळे अनुक्रमांकाच्या आसपास घासणे कटाक्षाने टाळतात.

भारतातील स्थिती : भारतात हा घरगुती छंद त्या स्वरूपात शक्य नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना लागतोच, शिवाय अग्निशस्त्रांची दुरुस्ती करण्याचा व्यवसायही परवान्यावाचून करता येत नाही. शस्त्रावरील नाव, क्रमांक वा ओळखचिन्ह पुसणे अथवा बदलणे यास या अधिनियमाच्या आठव्या कलमाने मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या सामान्यतः तीनवरून दोनवर आणली. वारसाने आलेले जुने पिस्तूल गंजत असेल, तर परवान्याची पूर्तता करून ते परवानाधारक दुरुस्तीकाराकडे नेणे हाच योग्य मार्ग होय. शंभर वर्षांहून जुनी शस्त्रे पुरावस्तू ठरू शकतात. त्यांच्या बाबतीत संग्रहालयीन परिरक्षणाची तत्त्वे लागू होतात. सांस्कृतिक वस्तूंच्या परिरक्षणाविषयी संशोधन करणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा लखनौ येथे १९७६ मध्ये स्थापन झाली. संग्रहालयांतील परिरक्षक शस्त्रांना नवे रूप देत नाहीत. ते क्षय थांबवितात, कोरडी हवा राखतात व संरक्षक मेणाचा किंवा तेलाचा असा लेप देतात, की जो पुढे केव्हाही काढता येईल. परत काढता येईल तेवढाच हस्तक्षेप करावा, हे त्यांचे सूत्र घरगुती संस्करणालाही तितकेच लागू पडते.