टवके उडालेली लेन्स
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

माझी एक भाची साखरपुडे, बारशी, अकीके यांचे फोटो काढते. मुंबईला गेली होती तेव्हा फोर्टातल्या बोरा बाजारातून तिनं तीन हजारांत एक जुनी लेन्स आणली. हेलिओस ४४-२, ५८ मिलिमीटरची. सोव्हिएत काळातल्या झेनिट कॅमेऱ्यांवर ही लेन्स असायची. जुन्या फोटोग्राफर मंडळींना आठवत असेल. तिला ४२ मिलिमीटरचे आटे असतात. मधे एक कडं घातलं की आजच्या पुष्कळ डिजिटल कॅमेऱ्यांवर ती बसते. फोटो सुरेख येतात, मागची झाडंपानं गिरकी घेतल्यासारखी दिसतात. पण रूप? काळ्या रंगाचे टवके उडालेले, आतलं ॲल्युमिनियम चमकतंय, आकडे पुसट झालेले आणि पुढच्या कडेला एक पोचा. एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या आजीनं सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, भंगारातून आणलास का कॅमेरा?" पोरगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. "मामू, हिला जरा माणसांत आणता येईल का?"

दुकानात विचारलं, तर खर्च लेन्सच्या किमतीच्या निम्मा. म्हटलं, आपणच बघू.

आधी हे ठरवावं लागतं की कोणतं नुकसान नुसतं दिसतं आणि कोणतं फोटोत उतरतं. दिसतं तसं नसतं, ही म्हण इथे दोन्ही बाजूंनी खरी आहे. बाहेरचा रंग गेला म्हणून फोटोत काडीचा फरक पडत नाही. पुढच्या काचेवर एखादा बारीक ओरखडा असेल, तर तोही बहुधा फोटोत दिसत नाही, कारण कॅमेरा त्या अंतरावर नजर लावतच नाही. उलट मागच्या, कॅमेऱ्याच्या आत जाणाऱ्या काचेवरचा ओरखडा लहान असला तरी त्रास देतो. आणि बाहेरून नव्या नवरीसारखी दिसणारी लेन्स आतून बुरशीनं धरलेली असू शकते. आमच्या कोकणच्या पावसाळ्यात हे फार होतं. मागून टॉर्च धरून आत बघावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर रंगरंगोटीचा विचार सोडून द्यावा, ते काम जाणकाराचं.

आमच्या लेन्सची काच स्वच्छ निघाली, फक्त पुढे एक ओरखडा. आता इथे बरेच जण टूथपेस्ट लावायला सुचवतात. कृपा करून ऐकू नका. काचेवर जी निळसर-जांभळी झाक दिसते ना, तो एक लेप असतो. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शेकडा चार भाग प्रकाश परत फिरतो. तो कमी करण्यासाठी हा लेप. त्याची जाडी किती? सुमारे एक मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते. ओरखडा जायचा तेव्हा जाईल, लेप मात्र आधी जाईल. ओरखडा राहू द्यावा. काचेचा टवकाच उडून खोल खड्डा पडला असेल, तर जुने लोक काडीच्या टोकानं त्यात काळ्या शाईचा ठिपका देत. उजेड त्या खड्ड्यात विखुरतो आणि फोटो धुरकट करतो. काळं केलं की तो तिथेच गिळला जातो. काच काळी करून फोटो सुधारतो, हे ऐकून भाची हसली होती.

मग रंग. मार्कर पेननं काम होतं, पण उन्हात ते जांभळं मारतं. मी फळ्याचा काळा रंग लावून पाहिला. दिसायला छान, पण जिथे बोटं लागतात तिथे महिनाभरात उडाला. शेवटी रंगाच्या दुकानातून मॅट काळ्या एनॅमलची लहान डबी आणि शून्य नंबरचा ब्रश आणला. लेन्सला दोन्ही बाजूंनी टोपणं लावली. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला अगदी थोडं लावून, मळ आणि हाताचं तेल पुसलं. वर ओतायचं नाही. ते फटीतून आत गेलं की आतलं वंगण पातळ होऊन पसरतं. नेलपॉलिश काढायचं द्रावणही नको, प्लॅस्टिकच्या लेन्सला ते विरघळवून टाकतं. रंगाचा पातळ हात द्यायचा, दिवसभर वाळू द्यायचा, मग दुसरा. घाई केली की ओघळ येतात. आट्यांना आणि फिरणाऱ्या कड्यांच्या सांध्यांना ब्रश लावायचाच नाही. तिथला रंग सुटून पापुद्रे आत जातात, किंवा कडं अडकून बसतं.

आकड्यांचं काम मला सगळ्यांत आवडलं. हे आकडे धातूत कोरलेले असतात, त्यातला पांढरा रंग तेवढा झडतो. पोरांच्या मेणाच्या खडूंची पेटी घेतली, पांढरा खडू हातात धरून जरा मऊ केला आणि आकड्यांवर दाबून घासला. वरचं मेण जाड पुठ्ठ्याच्या कडेनं आडवं ओढून काढलं, की खाचेत पांढरं शिल्लक! दोन, दोन पूर्णांक आठ, चार... पाटीवर अक्षरं उमटावीत तसे एकेक आकडे वर आले. काही लेन्सवर आकडे नुसते छापलेले असतात. त्यांना हा उपाय नाही.

पोचा मी काढला नाही. लाकडाच्या अर्धगोल ठोकळ्यावर कडा टेकवून आतून हलके ठोके देतात, तांबट भांड्याचा पोचा काढतो तसाच प्रकार. पण तांब्याच्या हंड्यात काच नसते. एक ठोका चुकला तर भिंग जागचं हलायचं. पोच्याच्या जागी नुसता रंग दिला.

एकूण खर्च दोनशे रुपयांच्या आत. पुढच्या बारशाला कुणी काही बोललं नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण सहा महिन्यांनी भाचीला दुसरी लेन्स घ्यायची होती, म्हणून ही विकायला काढली. बघायला आलेला मुलगा म्हणाला, "वा, वापरलेली वाटतच नाही!" आणि तीन हजारांच्या लेन्सचे साडेचार द्यायला तयार झाला. भाचीनं आत येऊन हळूच विचारलं, "मामू, पोच्याचं सांगू? त्याला दिसला नाही."

आमच्या घरी लहानपणी एक हकीकत सांगत. पैगंबरसाहेबांनी मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर आतलं धान्य ओलं. पावसानं भिजलं, असं विक्रेता म्हणाला. मग ते लोकांना दिसेल असं वर का नाही ठेवलंस, असं त्यांनी विचारलं. आमच्याकडे मालातल्या खोटीला 'ऐब' म्हणतात, आणि ऐब दाखवून विकलेला माल हाच सौदा धरतात. मला ती हकीकत आठवली खरी, पण तिला सांगितली नाही. साडेचार हजार म्हणजे तिच्या तीन बारशांची कमाई. मी एवढंच म्हटलं, "रंग तू आपली लाज झाकायला दिला होतास. आता त्याखाली काय आहे ते त्याला कळायला नको?"

ती बाहेर गेली. तिनं लेन्स उजेडात तिरकी धरली, पोच्यावर त्याचं बोट ठेवलं, काचेवरचा ओरखडा दाखवला. हा रंग घरी दिलेला आहे, हे आकडे खडूनं भरलेले आहेत, उन्हात मेण मऊ झालं तर पुन्हा भरावे लागतील, हेही सांगितलं. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानं छत्तीसशे दिले आणि विचारलं, "ताई, तो खडू कोणता वापरलात?"

भाचीनं पेटीतला उरलेला पांढरा तुकडा लेन्सच्या डब्यात टाकून दिला.