आज्ञेची ओळ

ठाण्याहून बेलापूरकडे जाताना नवी मुंबईतील ऐरोली, रबाळे, महापे या भागांत काही विशाल इमारती दृष्टीस पडतात. त्यांच्या आत माणसांची वर्दळ फारशी नसते; परंतु मांडण्यांमध्ये ओळीने बसविलेले असंख्य संगणक अहोरात्र चालू असतात. या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. बँकांचे व्यवहार, व्यापाऱ्यांचे हिशेब आणि लोकांचे निरोप अशाच ठिकाणांहून ये-जा करीत असतात.

यांतील बहुतेक संगणकांना स्वतःचा पडदा नसतो, कळफलकही नसतो. मग त्यांना काम सांगावे कसे? त्यांची देखभाल करणारा अभियंता पुष्कळदा दुसऱ्याच गावी बसलेला असतो. तो तेथून एका ओळीत आज्ञा लिहितो. ती जाळ्यातून त्या संगणकापर्यंत जाते आणि उत्तरही अक्षरांतच परत येते. या पद्धतीस 'कमांड लाइन', म्हणजे आज्ञेची ओळ, असे नाव आहे. चित्रांच्या मानाने अक्षरांचा भार अत्यल्प असल्यामुळे मंद जोडणीवरही तिचे काम चालते.

जोडणीत बिघाड झाला, तर कुशल अभियंता जवळून दूर अशा क्रमाने शोध घेतो. लिनक्स प्रणालीच्या अनेक संगणकांवर 'एनएमसीएलआय' ही आज्ञा असते. कोणती जोडणी चालू आहे व कोणती बंद, हे ती सांगते. जोडणी सुरू किंवा बंदही करते. त्यानंतर 'पिंग' ही आज्ञा दुसऱ्या संगणकाला जणू हाक मारते आणि ओ येण्यास किती वेळ लागला, ते मोजते. ती १९८३ साली अमेरिकेतील माइक म्यूस यांनी रचली. पाण्याखालील वस्तूचा ठाव प्रतिध्वनीवरून घेतात, त्या ध्वनीवरून तिला हे नाव मिळाले. 'ट्रेसराउट' ही आज्ञा वाटेतील टप्पे क्रमाने दाखविते. त्यावरून निरोप कोठे अडतो, याचा अंदाज येतो.

मात्र या सामर्थ्यात एक धोका आहे. ज्या जोडणीने अभियंता दूरच्या संगणकाशी बोलत असतो, तीच त्याने चुकून बंद केली, तर बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालविल्यासारखे होते. चूक सुधारण्याची आज्ञा पाठविण्यास मार्गच उरत नाही.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी जगाला याचा प्रत्यय आला. फेसबुक कंपनीत मुख्य वाहिन्यांची क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या एका आज्ञेमुळे तिच्या केंद्रांना जोडणाऱ्या वाहिन्या तुटल्या. अशी आज्ञा अडविण्यासाठी ठेवलेल्या यंत्रणेतही दोष होता. भारतात त्या वेळी रात्रीचे नऊ वाजून गेले होते. व्हॉट्सअ‍ॅपवरील निरोप घरोघरी एकाएकी थांबले. दुरून दुरुस्ती होईना, तेव्हा अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांत जावे लागले. सेवा पूर्ववत होऊ लागण्यास सुमारे सहा तास लागले.

म्हणून सावध अभियंता बदल करण्यापूर्वी जुनी रचना जतन करून ठेवतो. 'दहा मिनिटांत मी थांब म्हटले नाही, तर पूर्वीची रचना आपोआप लागू कर,' अशी आज्ञा तो आधी देतो. बदलानंतर संगणकाची ओ आली, तरच तो ती आज्ञा मागे घेतो. संगणक सांगितले तेवढेच करतो; सांगण्यापूर्वी परिणामांचा विचार करणे हे माणसाचे काम आहे.