दगडासारखा प्राणी

आपल्या नांदेड-लातूरपासून समुद्र फार लांब आहे. आपण गोदावरी आणि मांजरा पाहतो. समुद्राचा तळ मात्र चित्रातच पाहतो. असेच एक चित्र पाहून वर्गातील एका मुलीने विचारले, "सर, मासे पाळतात तसे प्रवाळ घरी पाळता येतात का?" या प्रश्नाचे उत्तर आज समजून घेऊ.

प्रवाळ म्हणजे उर्दूतील मरजान. तो दगडासारखा दिसतो, पण तो प्राणी आहे. त्याचे शरीर लहान पिशवीसारखे असते. पाण्यातील कॅल्शियम घेऊन तो स्वतःसाठी चुन्याचे घर बांधतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडात अन्न तयार करते आणि त्यातील वाटा प्रवाळाला देते.

काही देशांत मोठे, मांसल प्रवाळ घरच्या काचेच्या टाकीत ठेवतात. पण त्यांना जगवणे सोपे नसते. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार लागतात. पाण्याची वाफ होते, पण मीठ मागेच राहते. म्हणून घट भरून काढण्यासाठी गोडे पाणी घालावे लागते. तापमान २५ अंश सेल्सियसच्या आसपास, उजेड मध्यम आणि प्रवाह मंद हवा. जोराच्या धारेने प्रवाळाचे मऊ अंग चुन्याच्या कडेवर घासून फाटते. दोन प्रवाळांत अंतरही हवे, कारण काही प्रवाळ रात्री शेजाऱ्याला डंख मारतात.

मग आपणही प्रवाळ पाळावेत का? नाही. भारतात २००१ सालापासून कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणे किंवा विकणे गुन्हा आहे.

आपल्या राज्यात मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य झाले. मुंबईत किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० साली वरळी व हाजी अली येथील प्रवाळ तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दुसरीकडे हलवावे लागले.

समुद्राचे पाणी काही आठवडे एक-दोन अंशांनी जास्त तापले, तरी शैवाल प्रवाळाला सोडून जाते. प्रवाळ पांढरा पडतो आणि उपासमारीने मरू शकतो. टाकीचे पाणी माणूस थंड करू शकतो. समुद्राचे कोण करणार?

मुलांनो, कधी मालवणला गेलात तर प्रवाळांवर पाय ठेवू नका आणि त्यांचा तुकडाही घरी आणू नका. प्रवाळाचे खरे घर समुद्रच आहे.