थंड किनारी हवामानातील सॅटायव्हा-प्रधान गांजाची लागवड

सॅटायव्हा-प्रधान गांजा म्हणजे उष्ण कटिबंधातील उंच, अरुंद पानांच्या व उशिरा फुलणाऱ्या वाणांचा अंश ज्यांत अधिक आहे, असे गांजाचे संकरित वाण होत. समुद्रावरून येणारे धुके, सौम्य उन्हाळा आणि शरद ऋतूतील पाऊस असलेल्या प्रदेशात हे वाण वेळेत पक्व होत नाहीत, ही त्यांच्या लागवडीतील मुख्य अडचण आहे. अमेरिकेतील उत्तर कॅलिफोर्नियाचा किनारा हे याचे ठळक उदाहरण होय.

नामकरण

गांजाची वनस्पती कॅनाबिनेसी कुलातील असून हॉप ही वनस्पतीही याच कुलातील आहे. लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिला ‘कॅनाबिस सॅटायव्हा’ हे नाव दिले. १७८५ मध्ये लामार्क यांनी भारतातून आलेल्या नमुन्यांवरून ‘कॅनाबिस इंडिका’ ही वेगळी जाती वर्णिली. आज व्यापारात ‘सॅटायव्हा’ व ‘इंडिका’ हे शब्द या शास्त्रीय अर्थाने वापरले जात नाहीत. तेथे ‘सॅटायव्हा’ म्हणजे उंच व सावकाश पिकणारे झाड, तर ‘इंडिका’ म्हणजे बुटके, रुंद पानांचे व लवकर पिकणारे झाड. संकरामुळे ही विभागणी काटेकोर राहिलेली नाही.

दिनमान व फुलोरा

गांजा ही अल्पदीप्तिकाली वनस्पती आहे, म्हणजे दिवस लहान व रात्री मोठ्या होऊ लागल्यावर ती फुलते. फ्रेंच संशोधक तूर्न्वा यांनी १९१२ च्या सुमारास हॉप व गांजा यांवर केलेले प्रयोग दीप्तिकालितेच्या अभ्यासाची सुरुवात मानले जातात.

विषुववृत्ताजवळ वर्षभर दिवस सुमारे १२ तासांचा असतो. रत्नागिरी येथेही सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत दोन तासांच्या आसपासच फरक पडतो. अशा प्रदेशांतील वाणांना फुलण्यासाठी जवळपास १२ तासांचे दिनमान लागते आणि फुलोरा पक्व होण्यास १२ आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जातो. उत्तरेकडील थंड प्रदेशांत रुळलेले वाण मात्र दिवस १४ तासांच्या आत येताच फुलू लागतात व साधारण आठ आठवड्यांत तयार होतात.

उत्तर कॅलिफोर्नियाचे उदाहरण

हम्बोल्ट परगण्यातील युरेका हे बंदर सुमारे ४१° उत्तर अक्षांशावर आहे. तेथे जूनमधील दिवस १५ तासांचा असतो आणि १२ तासांचे दिनमान सप्टेंबरच्या अखेरीस येते. त्या वेळी फुलू लागलेले उष्णकटिबंधीय वाण डिसेंबरपर्यंत पक्व होणार नाही. पाऊस तर ऑक्टोबरपासूनच सुरू होतो. शिवाय थंड सागरी प्रवाहामुळे उन्हाळ्यातही दुपारचे तापमान सरासरी १८° से. च्या आसपासच राहते आणि धुक्यामुळे ऊन कमी मिळते. म्हणूनच या परगण्यातील लागवड प्रामुख्याने समुद्रालगत न होता, धुक्याच्या पट्ट्यापलीकडील उबदार डोंगरउतारांवर वाढली. हम्बोल्ट, मेंडोसिनो व ट्रिनिटी हे तीन परगणे ‘पाचूचा त्रिकोण’ या अर्थाच्या नावाने ओळखले जातात.

करडी बुरशी

दमट व थंड हवेत बोट्रायटिस सिनेरिया ही करडी बुरशी फुलोऱ्यात शिरते. द्राक्ष व स्ट्रॉबेरीवर पडणारी बुरशी ती हीच. दाट फुलोऱ्यात ओल साचून तो आतून कुजतो व बाहेरून ते लवकर लक्षात येत नाही. सॅटायव्हा-प्रधान वाणांचा फुलोरा विरळ असल्याने त्यातून वारा खेळतो व तो लवकर वाळतो. परंतु तो दीर्घकाळ शेतात राहतो, त्यामुळे हा लाभ बराचसा नाहीसा होतो. हवेला अधिक योग्य असे हे झाड पक्वतेच्या कालावधीमुळे अयोग्य ठरते, हा या लागवडीतील पेच आहे.

उपाय

यावर तीन मार्ग रूढ आहेत. पहिला, लवकर फुलणाऱ्या वाणांशी संकर करून विरळ फुलोरा टिकवायचा व पक्वतेचा काळ कमी करायचा. दुसरा, हरितगृहावर ठरावीक वेळी अपारदर्शक आच्छादन ओढून दिवस कृत्रिमरीत्या लहान करायचा, म्हणजे फुलोरा पावसापूर्वी तयार होतो. तिसरा, रोपांत पुरेसे अंतर ठेवून हवा खेळती ठेवायची. मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पूर्वी फुलशेतीसाठी असलेली अनेक हरितगृहे या पिकाकडे वळली. हरितगृहाचा खर्च मोठा असल्याने लहान शेतकऱ्यांना तो परवडणे कठीण जाते.

कायदा

कॅलिफोर्नियात १९९६ मध्ये वैद्यकीय व २०१६ मध्ये प्रौढांच्या वापरास लोकमताने मान्यता मिळाली. व्यापारी लागवडीस तेथे परवाना लागतो. अमेरिकेच्या संघीय कायद्याने मात्र गांजा नियंत्रित पदार्थच मानला जातो. भारतात १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमानुसार विनापरवाना लागवड हा गुन्हा असून त्यासाठी १० वर्षांपर्यंत सश्रम कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.