उच्च वातावरणाचे उपग्रहीय मापन

स्थितांबर व मध्यांबर या सु. १५ ते ८५ किमी. उंचीवरील थरांतील तापमान आणि तेथील ओझोन, बाष्प, क्लोरीन मोनॉक्साइड इ. अत्यल्प वायूंचे प्रमाण उपग्रहावरील उपकरणांनी मोजण्याची पद्धती. फुगे साधारणतः ३०–४० किमी. पर्यंत पोहोचतात. अग्निबाण त्यापलीकडे जातात. परंतु त्यांचे मापन एका स्थळापुरते व काही मिनिटांपुरतेच असते.

प्रत्येक वायूचे रेणू ठराविक तरंगलांब्यांचे प्रारण शोषतात व उत्सर्जित करतात. उत्सर्जनाची तीव्रता वायूचे प्रमाण आणि तापमान या दोहोंवर अवलंबून असल्याने एकाच मापनावरून दोन्ही राशी काढता येत नाहीत. ही अडचण कार्बन डाय-ऑक्साइडामुळे दूर होते. हा वायू सु. ८० किमी. उंचीपर्यंत जवळजवळ एकसारखा मिसळलेला असून त्याचे प्रमाण ज्ञात असते. त्यामुळे त्याच्या १५ मायक्रॉन तरंगलांबीनजीकच्या अवरक्त प्रारणावरून तापमान मिळते व ते वापरून ९·६ मायक्रॉनच्या पट्ट्यावरून ओझोनाचे प्रमाण काढतात. सूक्ष्मतरंग उपकरणांत हेच काम ऑक्सिजनाची ११८ गिगॅहर्ट्‌झची रेषा करते.

उपकरण सरळ खाली रोखल्यास भूपृष्ठ व ढग यांचे प्रारण त्यात मिसळते. म्हणून ते पृथ्वीच्या कडेला स्पर्शून जाणाऱ्या दिशेने रोखतात. तेथे पार्श्वभूमीला थंड अवकाश असते आणि दृष्टिरेषा एकाच थरातून शेकडो किमी. जाते, त्यामुळे अब्जांशात असलेला वायूही ओळखता येतो. सर्वांत वरच्या थरापासून आरंभ करून, कांद्याचे पापुद्रे सोडवावेत तसे एकेका थराचे मान गणिताने काढतात. उंचीतील भेद २–३ किमी. इतका सूक्ष्म मिळतो. आडव्या दिशेत मात्र शेकडो किमी. ची सरासरीच हाती येते.

निंबस–७ (१९७८) वरील अवरक्त उपकरण घन मिथेन व अमोनिया यांनी थंड ठेवलेले असल्याने ते संपताच १९७९ च्या मध्यास बंद पडले. त्याच उपग्रहावरील, खाली पाहणाऱ्या जंबुपार ओझोनमापकाची हकिगत अधिक बोधप्रद आहे. अंटार्क्टिकावरील ओझोनाचा ऱ्हास १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी भूपृष्ठावरील उपकरणाने जाहीर केला. उपग्रहाला तो दिसलाच नव्हता, असे पुष्कळदा सांगितले जाते, ते बरोबर नाही. १८० डॉब्सन एककांपेक्षा कमी मानांवर संशयास्पद अशी खूण होत असे. आकडे टाकून दिलेले नव्हते. पुढे त्यांवरूनच ऱ्हासाचा नकाशा तयार झाला.

या ऱ्हासास क्लोरीनयुक्त संयुगे कारणीभूत आहेत, हे १९८७ मधील विमानांतील मापनांनी दाखविले. सप्टेंबर १९९१ मध्ये सोडलेल्या यूएआरएस या अमेरिकन उपग्रहावरील सूक्ष्मतरंग उपकरणाने ध्रुवीय प्रदेशांवरील क्लोरीन मोनॉक्साइडाचे नकाशेच दिले. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या पिनाटूबोच्या उद्रेकाने स्थितांबर कणांनी भरले होते. अवरक्त मापनांत त्यांचा व्यत्यय आला, सूक्ष्मतरंगांना तो फारसा बाधला नाही.

२००४ मध्ये सोडलेल्या ऑरा उपग्रहावर याच जातीचे सुधारित उपकरण होते. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळील हुंगा ज्वालामुखीने सु. १५ कोटी टन बाष्प स्थितांबरात फेकल्याचे त्याने मोजले. हे तेथील एकूण बाष्पाच्या सु. दहा टक्के भरते. आरंभीची बरीच मापने इतकी मोठी होती की, नेहमीच्या चाळणीतून ती पार झाली नाहीत. शास्त्रज्ञांनी ती स्वतंत्रपणे तपासून स्वीकारली.