विजेच्या कामातील सुरक्षा : साहेब आणि युनियन एका बाकावर हवेत

एप्रिल-मे महिन्यात अकोला-अमरावतीकडे पारा ४४-४५ अंशांच्या घरात जातो. अशा दुपारी तासभर वीज गेली की आपण हैराण होतो, फोनवर चार शब्द सुनावतोही. त्याच वेळी कोणीतरी तापलेल्या लोखंडी खांबावर चढलेला असतो. वाचकहो, आज त्या माणसाच्या प्रकृतीविषयी लिहायचे आहे. त्याला लागणारे औषध डॉक्टरच्या कपाटात थोडेच असते. बरेचसे औषध साहेब आणि युनियन यांच्या बैठकीत तयार होते.

आधी वैद्यकीय बाजू पाहू. विजेचा अपघात बाहेरून दिसतो त्याहून आत मोठा असतो. प्रवाह शिरला तेथे रुपयाएवढी जखम दिसते, बाहेर पडला तेथे दुसरी. मधले स्नायू मात्र आतून भाजलेले असतात. त्या स्नायूंतील द्रव्य रक्तावाटे मूत्रपिंडात जाते, लघवी काळ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंड बंद पडण्याचा धोका असतो. हृदयाची लय बिघडून माणूस जागीच दगावू शकतो. म्हणून मोठ्या दाबाच्या तारेचा धक्का बसलेला माणूस उठून चालू लागला, 'काही झाले नाही' म्हणाला, तरी त्याला रुग्णालयात नेऊन हृदयाचा आलेख काढलाच पाहिजे. त्यातच उंचावरून पडून मणका किंवा डोके फुटण्याची भीती, आणि वरून उष्माघात.

हे टाळण्याचे उपाय नवे नाहीत. परमिट घेणे, लाईन खरोखर बंद आहे का ते तपासणे, कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करणे, हातमोजे, हेल्मेट आणि पट्टा वापरणे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि पुढे २०२३ च्या नियमांनीही सुरक्षेची चौकट घालून दिली आहे. मग अपघात का होतात?

तारेवर काम करणारे बरेच जण माझ्याकडे औषधाला येतात. मोजे का घालत नाही, असे मी विचारतो. उत्तर ठरलेले असते : "डाक्टरसाहेब, मोजे घातले का नट हातातच येत नाही. अन् उनात हात पार उकडून निघते." यात आळस नाही, माहिती आहे. जाड रबरी मोज्यात बारीक काम होत नाही, ही गोष्ट खरेदीच्या फाईलवर सही करणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही. ज्याच्या हातात पक्कड असते त्याला ती रोज कळते. म्हणून सुरक्षेच्या बैठकीत त्याला खुर्ची हवी. कोणता मोजा चालतो, कोणता फाटतो, कुठल्या फीडरवर उलटा प्रवाह येतो, हे तोच सांगू शकतो.

कायद्यानेही हे फार पूर्वी मान्य केले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळची वायुदुर्घटना झाली. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायदा, १९४८ मध्ये दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात सुरक्षा समिती असावी, तिच्यात कामगार आणि व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असावेत, असे ठरले. तात्काळ धोका दिसला तर तो वरिष्ठांच्या कानावर घालण्याचा हक्क कामगाराला मिळाला. वीजनिर्मितीचा उद्योग या धोकादायक यादीत होता. म्हणजे आपल्या अकोला जिल्ह्यातील पारस औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी दोन्ही बाजूंनी एकत्र बसणे हा कायद्याचाच भाग झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली. तिच्यातही सुरक्षा समितीची तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात हेच तत्त्व मांडले. जून २०२२ मध्ये सुरक्षित व आरोग्यदायी काम हा तिने कामगाराचा मूलभूत हक्क ठरवला.

पण केंद्राला भिंत असते, फाटक असते. लाईनवरच्या माणसाचा कारखाना म्हणजे शेताचा बांध, गल्लीचे तोंड आणि पावसाळी रात्र. समितीची खरी गरज तेथे आहे.

साहेब आणि युनियन यांचे भांडण असायला हरकत नाही. खासगीकरणाच्या प्रश्नावर जानेवारी २०२३ मध्ये राज्यातील वीज कर्मचाऱ्यांनी संप केलाच होता. पगार, बदल्या, भरती यांवर खुशाल भांडावे. सुरक्षेचे टेबल मात्र वेगळे ठेवावे आणि त्यावर काही गोष्टी ठरवून घ्याव्यात.

१. 'थोडक्यात वाचलो' असे प्रसंग नोंदवण्याची वही असावी. नोंदवणाऱ्याला मेमो मिळाला तर दुसऱ्या दिवसापासून वही कोरी राहील.

२. परमिट नसेल, अर्थिंग नसेल तर 'मी चढणार नाही' असे म्हणणाऱ्याच्या पाठीशी दोन्ही बाजूंनी उभे राहावे. वरून कितीही फोन आले तरी.

३. युनियनने सुरक्षेचा मोबदला भत्त्यात मोजू नये. भत्ता वाढतो, तुटलेला हात परत येत नाही.

४. ठेकेदाराकडील मुलांनाही समितीत आवाज असावा. बहुधा सर्वांत नवखा तोच असतो आणि बोलायला सर्वांत जास्त तोच घाबरतो.

५. उन्हाळ्यात शक्य ती कामे सकाळी लवकर घ्यावीत. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी आणि मध्ये सावलीत विश्रांती द्यावी. माणूस असंबद्ध बोलू लागला की तो उष्माघात समजून अंग थंड करत रुग्णालय गाठावे.

६. प्रत्येक गँगमधील सर्वांना छाती दाबण्याचे शिक्षण द्यावे.

आपणा ग्राहकांचाही यात वाटा आहे. घरचे जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय जोडले तर त्याची वीज उलटी तारेत जाते आणि बंद समजून धरलेली तार जिवंत होते. आकडा टाकणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावे.

अपघात झालाच तर आधी पुरवठा बंद करावा. घरगुती दाबाच्या वायरपासून माणसाला सोडवताना कोरडे लाकूड वापरावे. मोठ्या दाबाची तार असेल तर पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळही जाऊ नये. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटीमीटर खोल दाब द्यावा. दुसऱ्याने १०८ क्रमांकावर फोन करावा. मदत येईपर्यंत दाबणे थांबवू नये.