पिचकारीवरील अंक

तोंडावाटे घेतलेले प्रत्येक औषध रक्तापर्यंत पोहोचतेच असे नाही. इन्सुलिन हे प्रथिन असल्यामुळे पोटात गेल्यावर अन्नाप्रमाणेच त्याचे पचन होते आणि त्याचा गुण नाहीसा होतो. म्हणून ते त्वचेखालील मेदाच्या थरात टोचावे लागते. तेथून ते हळूहळू रक्तात मिसळते.

या मार्गाचा आरंभ डब्लिन येथे झाला. १८४४ साली फ्रान्सिस रिंड या शस्त्रवैद्याने मज्जातंतूंच्या असह्य वेदनेवर पोकळ नळीतून मॉर्फिन त्वचेखाली सोडले. १८५३ च्या सुमारास एडिंबरोच्या अलेक्झांडर वुड यांनी त्याच कामी दट्ट्याची पिचकारी योजिली. १९२२ साली टोरांटोत लेनर्ड टॉम्सन या १४ वर्षांच्या मुलास इन्सुलिन टोचण्यात आले, आणि हे साधन मधुमेहींचा जीवनाधार बनले. १९८५ मध्ये डेन्मार्कमध्ये लेखणीच्या आकाराचे साधन निघाले.

साधन सुटसुटीत झाले, तरी एक धोका उरलाच आहे. भारतात कुपीतील इन्सुलिन दर मिलिलिटरला ४० एककांचे मिळते, तसेच १०० एककांचेही. ४० च्या पिचकारीचे टोपण सामान्यतः लाल, तर १०० च्या पिचकारीचे नारिंगी असते. १०० चे औषध ४० च्या पिचकारीत त्याच खुणेपर्यंत भरल्यास मात्रा अडीचपट होते. रक्तातील साखर एकाएकी उतरून रोग्याची शुद्ध हरपते, प्रसंगी प्राणही जातो. उलट चूक झाल्यास दोन-पंचमांश औषधच मिळते आणि साखर चढत राहते. यास्तव कुपीवरील व पिचकारीवरील अंक जुळले, तरच सुई टोचावी.